बॉक्सजवळची खुर्ची

नागपुरात जिथं म्हणून कोणी माईकवर बोट आपटून 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतो, तिथं माझ्या आतेसासूबाई आधीच पोचलेल्या असतात. हे मी कौतुकानं वाढवून सांगते असं वाटेल. पण एकदा एका मैदानावर माईक लावणाऱ्या माणसानं 'चेक' म्हटल्यावर समोरून 'येऊन राहिला आवाज, पण खरखर आहे' असं उत्तर देणाऱ्या आख्ख्या मैदानात त्या एकट्याच होत्या, आणि मंडप अजून अर्धाच बांधून झाला होता. शास्त्रीय गाण्याची सभा असो, कव्वाली असो, भीमगीतांचा कार्यक्रम असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो नाहीतर कॉलेजातल्या केस वाढवलेल्या पोरांचा बँड असो, आत्यांना काही भेद नाही. 'समोर माणूस गाऊन राहिला ना? मंग? अजून काय पायजे?' एवढा एकच प्रश्न त्या विचारतात. मोबाईलवरच्या गाण्याला त्या गाणं म्हणतच नाहीत. ते म्हणजे पाकिटातले पोहे.

त्या माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. कोराडीच्या रस्त्याला त्यांचं स्वतःचं घर आहे, खाली त्या आणि वर आम्ही. नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामाला आहे, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मी सांगलीकडची. आठवीतनं शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन इतक्या लांब आले तेव्हा इथली माणसं मराठीच बोलतात यावर पहिले काही दिवस माझा विश्वास बसत नव्हता. कोणी 'काहून वं?' म्हटलं की मी नुसती मान हलवायची, आणि मी 'काय वो' म्हटलं की शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मग मी बोलणंच सोडून दिलं. असं चाललेलं असताना एका संध्याकाळी आत्यांनी माझ्या चपला माझ्यापुढं आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, "चाल."

"कुठं?"

"गाणं आहे."

मला वाटलं, शेजारी भजन असेल. बघते तर कॉलेजचं मैदान, हजारभर पोरंपोरी आणि छातीत धडधडणारा ढोल. मी आत्यांचा पदर धरून रडायला लागले. आत्यांनी वळून माझ्याकडं नीट बघितलं आणि समाधानानं म्हणाल्या, "रडून राहिली? बरं आहे. बाकीचे तं मोबाईलच पाहून राहिले." माझ्या रडण्याला कोणी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. पुढं मला या गावात जे काही मिळालं, रस्ते, बसचे नंबर, चार ओळखी, ते सगळं मला आत्यांच्या मागं मागं गाणी ऐकत फिरताना मिळालं. तेवढं ऋण माझ्या डोक्यावर आहे, आणि म्हणूनच पुढची सगळी काळजीही माझ्याच डोक्यावर आली.

आत्या पूर्वी सूतगिरणीत होत्या. तिथं यंत्रांचा आवाज एवढा की शेजारच्या बाईनं कानात ओरडलं तरी ऐकू येणार नाही, म्हणून सगळ्या बाया आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि समोरचीचे ओठ वाचायच्या. गिरणी सुटली, पण ती सवय सुटली नाही. त्यामुळं गाण्याला गेल्यावर लोकांना जे दिसत नाही ते आत्यांना दिसतं. मंचावरचे लोक एकमेकांत काय पुटपुटतात ते त्या लांबून वाचतात! कव्वालीत मुख्य कव्वालानं डोळे मिटून सूर लावला की सगळं मैदान डुलतं, आणि आत्या माझ्या कानाशी येऊन सांगतात, "तो मागचा टाळ्या वाजवणारा म्हणून राहिला, याचं आटपते कवा, माही बस जाते." एका सभेत तबलजीनं पेटीवाल्याला हळूच विचारलं होतं, "आज घरून भांडून आले वाटते बुवा," तेही त्यांनी टिपलं. त्या बँडच्या पोरांचा कार्यक्रम संपल्यावर त्या थेट मंचामागं गेल्या आणि गिटारवाल्याला म्हणाल्या, "दुसऱ्या गाण्यात ढोलवाल्यानं तुले शिवी दिली. पण बाबू, बरोबर दिली, तू पुढं पळत होता." तो पोरगा गिटार छातीशी धरून बघतच राहिला. मी मागं उभी राहून घामानं भिजले. आता भांडण होणार, आता कोणी तरी ओरडणार. पण पोरगा वाकून पायाच पडला.

हे सगळं मजेचं होतं, तोवर मजेचंच होतं. मग डॉक्टरांनी कान तपासले. डावा कान गिरणीनं कधीच नेला होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण उजवाही चाललाय, हे तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, "मोठ्या आवाजापासून लांब राहा. उरलंय तेवढं सांभाळा, गेलेलं परत येत नसतं." आत्या म्हणाल्या, "सांभाळून काय करू डॉक्टरसाहेब? लोणचं घालू?" कानाचं मशीन आणलं. एकदा लावून बघितलं आणि 'गवई डालड्याच्या डब्यात बसून गाते' असं सांगून त्यांनी ते शिवणाच्या डब्यात बटणांसोबत ठेवून दिलं. खरी पंचाईत पुढंच होती. लांब बसलं तर आत्यांना गाण्यातलं फारसं कळायचं नाही. कळायचं ते मोठ्या आवाजाच्या बॉक्सच्या अगदी पुढ्यात बसल्यावर. म्हणजे ज्या खुर्चीत त्यांना ऐकू येणार, त्याच खुर्चीत त्यांचा कान जाणार.

नवऱ्यानं मला बजावलं, "आत्याले बॉक्सजवळ बसू देऊ नको. तुह्या भरोशावर सोडून राहिलो." तिकडं आत्यांनी माझा दंड धरलेला, "समोर चाल वं, मांग काय जागा राखतं?" तेव्हापासून गाणं सुरू व्हायच्या आधीच आमची ओढाताण सुरू व्हायची. आम्ही लवकर पोचायचो. आत्या बॉक्सजवळच्या खुर्चीवर पिशवी ठेवायच्या, त्या पाणी प्यायला गेल्या की मी ती पिशवी उचलून मधल्या रांगेत नेऊन ठेवायची, त्या परत येऊन पुन्हा पुढं न्यायच्या. बंदोबस्ताची पोरं आमच्याकडं संशयानं बघायची. मी कापसाचे बोळे करून द्यायची, तर आत्यांनी एकदा ते शेजारच्या बाईच्या कडेवरच्या बाळाच्या कानात घातले आणि म्हणाल्या, "लहान जीव आहे, त्याले कामी येईन." नरखेडकडून त्यांच्या भावाच्या बागेतली संत्री येतात, त्यातली दोन-चार पिशवीत असायचीच. गाणं कंटाळवाणं झालं की आत्या संत्रं सोलायच्या आणि त्या वासानं आख्खी रांग मागं वळून बघायची. माझ्या हातात फोड द्यायच्या. ती माझ्या हातातच राहायची. माझं सगळं लक्ष त्या काळ्या बॉक्सकडं, त्याच्या जाळीमागचा पडदा किती थरथरतोय तिकडं.

आणि प्रत्येक कार्यक्रमानंतरची सकाळ तर नकोच वाटायची. आत्या तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, मी मागून जाऊन हळू आवाजात म्हणायची, "आत्या, च्या?" त्यांनी मान वळवली की माझा श्वास खाली. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या दुसऱ्या दिवशी मी तशीच मागं उभी राहिले. "आत्या, च्या?" त्या निवडतच होत्या. मी जरा मोठ्यानं म्हटलं. मग अजून मोठ्यानं. त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला आणि गुणगुणायला लागल्या, आदल्या दिवशीचंच गाणं, पण सूर पार कुठल्या कुठं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बादली भरेपर्यंत रडून घेतलं. दोन-तीन दिवसांनी थोडं ऐकू यायला लागलं, पण पूर्वीएवढं नाही. आत्यांनी स्वतःहून एक अक्षर काढलं नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाल्या, "सूनबाई, तुमच्या सांगलीकडं समोर बसून बोलत नाही का? पाठीमागून काय बोलतं?"

आता हे सगळं त्यांना बाहेर कळू द्यायचं नव्हतं, त्याचं कारण गांधीबागेतली पोह्याची गाडी. कापडाच्या ठोक बाजाराच्या तोंडाशी ही गाडी लागते, तिथं सकाळी तर्री-पोहे मिळतात, पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा. कुठंही गाणं झालं की दुसऱ्या सकाळी चार ऐकणारे लोक तिथं जमतात आणि कसं झालं ते सांगतात. त्यात कापडवाले एक शेटजी, पोस्टातून रिटायर झालेले एक काका आणि आत्या हे कायमचे, बाकी येऊन जाऊन. या पंचायतीचे नियम आत्यांनी घातलेले. पहिला नियम, 'छान झालं' म्हणायचं नाही. काय झालं ते सांगायचं. दुसरा, ज्यानं समोर बसून ऐकलं नाही त्यानं बोलायचं नाही, गुपचूप पोहे खायचे. पोस्टातल्या काकांनी एकदा कार्यक्रम घरी मोबाईलवर बघितला आणि येऊन मत दिलं, तर आत्यांनी त्यांच्या प्लेटीत आणखी तर्री ओतायला लावली आणि म्हणाल्या, "खा. आज तुमचं तोंड याच्यासाठीच आहे." काका पुढं बरेच दिवस रुसले होते. मलाही विचारायचे. मी म्हणायची, "हां, बरं झालं की." आत्या ताबडतोब, "बरं म्हणजे छानचा सख्खा भाऊ. बाद!" सगळे हसायचे. मीही हसायची आणि गाडीच्या मागच्या बाजूला सरकायची. शिकलेल्या माणसांत मी काय बोलणार? पण आत्या बोलायला लागल्या की शेटजी हातातला घास तसाच धरून ऐकायचे. त्या गाडीपाशी, त्या बाजारात, आत्यांना कोणी गिरणीतली बाई म्हणत नव्हतं. तिथं त्या म्हणतील ते गाणं. ती जागा जाईल, या भीतीनं त्या आतून किती धास्तावल्या असतील याचा विचार मी गाडीमागं उभी राहून करायची.

गेल्या दिवाळीत एका उद्यानात पहाटेच्या गाण्याचा कार्यक्रम होता. अंधारातच निघालो. हवेत जरा गारवा, बायका नवीन साड्या नेसून, उटण्याचा वास, पणत्या. आत्यांनी बॉक्सजवळची खुर्ची धरली. मी पिशवी उचलायला गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, "आज नको वं." त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी गप्प शेजारी बसले. गाणारी बाई मध्यमवयाची होती, आवाज जाडसर, जमिनीतून आल्यासारखा. पहिली दोन गाणी नीट झाली. आत्यांनी मांडीवर ताल धरला होता, मी त्यांच्या कानाकडं बघत होते. तिसरं गाणं सुरू झालं आणि फट् करून सगळे दिवे गेले. बॉक्स बंद. मंचावर काळोख.

पण ती बाई थांबली नाही. माईक बाजूला करून ती तशीच गात राहिली. लोक एकदम चिडीचूप झाले. मुलं गप्प, बांगड्या गप्प. त्या अंधारात तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत एकट्यानं चालत आल्यासारखा येत होता. अंगावर काटा आला. आणि नेमक्या त्या शांततेत माझ्या शेजारून खणखणीत आवाज उठला:

"काहून बे, झोपले काय सगळे? जनरेटर लावा ना! लोकं बसून राहिले इथं!"

आख्खं उद्यान वळलं. "श्श्श!" कोणी तरी म्हणालं, "ओ बाई, गाणं चालू आहे!" आमच्याच रांगेत पलीकडं शेटजी बसले होते, तेही वळले, आणि त्यांनी आत्यांना ओळखलं. मी आत्यांचं मनगट घट्ट धरलं. आत्यांना आधी राग आला होता. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. तोंडं सगळी मंचाकडं, कोणी हात जोडलेले, कोणी हनुवटीवर बोट ठेवलेलं. पूर्वेला किंचित उजाडायला लागलं होतं. त्या उजेडात त्यांना त्या बाईचा हलणारा गळा दिसला, ओठ मात्र दिसेनात.  सगळ्या उद्यानाला ऐकू येत होतं, आणि त्यांना नाही.

मला वाटलं आता त्या उठून जातील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरली, माझं तोंड स्वतःकडं वळवलं आणि ओठांनीच म्हणाल्या, "तू म्हण."

गिरणीतलं ते बोलणं मला त्यांनी गमतीनं शिकवलं होतं, सासरच्या पाहुण्यांत बसून कोणाची तरी नक्कल करायला. मी ती बाई जे गात होती ते आवाज न काढता ओठांनी म्हणायला लागले. ती थांबली की थांबायची, ती एक अक्षर लांबवायला लागली की तोंड तसंच उघडं ठेवायची, तिचा दम संपेपर्यंत. ती वर गेली की मान वर. मागची बाई खेकसली, "ताई, मनात म्हणा ना!" मनात काय म्हणू? मी म्हणतच राहिले. आत्या माझ्या तोंडाकडं अशा बघत होत्या की मला वाटलं चुकलं तर त्यांचं गाणं माझ्या हातून सांडेल. गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, दिवे आले. आत्यांनी पदरानं माझा घाम पुसला आणि संत्रं सोलायला घेतलं. साल तुकड्या तुकड्यानं निघत होती.

मी म्हटलं, "घरी जाऊ या की." त्या म्हणाल्या, "पोहे?"

गाडीपाशी शेटजी आधीच उभे होते, पोस्टातले काकाही. नेहमीचे नमस्कार झाले. कोणी सकाळचा विषय काढेना. पोहेवाल्यानं प्लेटी भरल्या. शेवटी शेटजी म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा. कसं झालं?"

आत्यांनी प्लेट खाली ठेवली. "मले ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "दिवे गेल्यावरचं काहीच नाही आलं. तवा मी आज बोलत नाही. नियम म्हणजे नियम." आणि पोहेवाल्याकडं प्लेट सरकवून म्हणाल्या, "टाक गा तर्री, वरपर्यंत."

पोहेवाल्याचा पळा तसाच राहिला. शेटजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काका एकदम घाईनं म्हणाले, "ताई, मले तुम्ही त्या वेळी..." आणि पुढचं गिळलं. मला काय झालं मला माहीत नाही. मी गाडीच्या मागून पुढं आले आणि माझ्या सांगलीच्या बोलीतच म्हणाले, "त्यास्नी ऐकू आलंय की! समोर बसून ऐकलंय. माझ्या तोंडावरनं ऐकलंय."

"असं?" शेटजी म्हणाले. ते पक्के व्यापारी, माल उलटापालटा करून बघितल्याशिवाय हातात घेत नाहीत. "मग तूच सांग बेटा, काय ऐकलं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. छान म्हणता येत नव्हतं, बरं म्हणता येत नव्हतं. आत्या माझ्या ओठांकडं बघत होत्या. मी सांगितलं. म्हटलं, आमच्याकडं मळा घरापासून लांब. दुपारी आई बांधावर येऊन जेवायला हाक मारायची. ओरडायची नाही, नुसती हाक सोडायची, आणि ती हाक आम्ही असू तिथवर यायची, मध्ये वारा असला तर थोडी वाकडी होऊन यायची. दिवे गेल्यावर त्या बाईचा आवाज तसा आला. आधी माईकमधून येत होता तेव्हा तो सगळ्यांचा होता. नंतर ती एकेकाला हाक मारत होती. एवढं बोलले आणि मला दम लागला. इतकं मी नागपुरात आल्यापासून एका दमात कधी बोलले नव्हते.

 शेटजींनी आत्यांच्या प्लेटीतली ती वरपर्यंतची तर्री स्वतःच्या प्लेटीत ओतून घेतली आणि ठसकत म्हणाले, "ताईंनी ऐकलं. आता ताईंनी सांगावं."

त्या हिवाळ्यात उजवा कानही गेला. बॉक्ससमोर बसून गेला की तसाच जायचा होता म्हणून गेला, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आत्या अजून गाण्याला येतात, माझ्यासमोर खुर्ची उलटी करून, मंचाकडं पाठ करून बसतात. लोकांना वाटतं ही बाई रुसलीय. गुडघे दुखतात तेव्हा मात्र मला एकटीला धाडतात, "जा, नीट पाहून ये." असंच परवा एका देवळाच्या सभामंडपात दुपारी बासरी होती. मी एकटी गेले, एकटीच बसनं परत आले. आत्या खिडकीजवळच्या उजेडात बसल्या होत्या. म्हणाल्या, "सांग."

आणि मी ओठ उघडले तर काय सांगायचं ते कळेना. बासरीला शब्द नसतात. ताल सांगितला, कोण कोण आलं होतं ते सांगितलं. आत्या म्हणाल्या, "ते नाही वं. गाणं."

मग मी त्यांचा हात घेतला, तळवा वर केला आणि तोंड जवळ नेऊन त्यावर हळूच फुंकर घातली. जिथं बासरीवाल्यानं लांबवलं होतं तिथं लांब, जिथं तोडलं होतं तिथं तुटक, शेवटी शेवटी अगदी बारीक, असेल नसेल अशी. मान वर करून बघितलं. आत्यांचे डोळे मिटलेले होते. ऐकताना त्यांनी डोळे मिटलेले मी कधी बघितले नव्हते. डोळे मिटले तर त्यांना काहीच ऐकू येत नाही.

 मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "मधी एका ठिकाणी जरा घाई केली त्यानं." आणि तळवा तसाच पुढं धरून ठेवला.